पारदर्शक द्रवांची शिस्त : वर्णपटविज्ञानातील द्रावकमिश्रणांचा इतिहास

पदार्थ कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो, कोणता विखुरतो आणि कोणता स्वतः बाहेर टाकतो, यावरून त्याच्या रेणूंची घडण ओळखणाऱ्या शास्त्राला वर्णपटविज्ञान म्हणतात. या शास्त्राचा इतिहास लिहिताना प्रिझम, छायाचित्रणाच्या काचा, प्रकाशविद्युत नलिका आणि अवजड चुंबक यांना मानाचे स्थान मिळते. परंतु ज्या द्रवात नमुना विरघळवून तो उपकरणापुढे ठेवला जातो त्या द्रावकाचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीतील सॉल्व्हंटचा, उल्लेख बहुधा तळटीपेपुरताच राहतो. वास्तविक गेल्या सुमारे दीडशे वर्षांत या शास्त्राच्या अनेक महत्त्वाच्या निष्कर्षांची भिस्त द्रावकांची निवड, शुद्धी आणि मिश्रण यांवर होती, आणि याच कामात संशोधकांनी मोठी जोखीमही पत्करली. दोन सेंद्रिय द्रव एकत्र आले की त्यांचे रेणू परस्परांशी कसे वागतात, हा वर्णपटशास्त्रज्ञाचा प्रश्न असतो. ते मिश्रण तापेल का, पेटेल का, विषारी वायू सोडेल का, हा सुरक्षिततेचा प्रश्न मानला जातो. हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत आणि ते वेगळे काढले गेले तेव्हा विज्ञान व वैज्ञानिक या दोघांचेही नुकसान झाले, असे या इतिहासाचे सार सांगता येईल.

द्रावकाकडून वर्णपटशास्त्रज्ञाची पहिली अपेक्षा पारदर्शकतेची असते. ज्या तरंगलांब्यांवर नमुन्याची तपासणी करायची, त्याच तरंगलांब्या द्रावकानेच गिळल्या तर नमुन्याची ओळख पटणे शक्य नसते. ही अट १९व्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होऊ लागली. डब्लिन येथील वॉल्टर नोएल हार्टली यांनी ए. के. हंटिंग्टन यांच्या साहाय्याने १८७९ च्या सुमारास सेंद्रिय पदार्थांच्या जंबुपार वर्णपटांची, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य प्रकाशातील शोषणाची, छायाचित्रे पद्धतशीरपणे घ्यायला सुरुवात केली. अवरक्त, म्हणजे तांबड्या रंगाअलीकडील अदृश्य प्रकाशात, विल्यम अ‍ॅबनी आणि एडवर्ड फेस्टिंग यांनी १८८१ मध्ये अनेक सेंद्रिय द्रवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्लोरोफॉर्मसारख्या हायड्रोजनयुक्त द्रवांत त्यांना शोषणरेषा आढळल्या, तर ज्यांच्या रेणूत हायड्रोजनच नाही अशा कार्बन टेट्राक्लोराइड आणि कार्बन डायसल्फाइड या द्रवांत, त्यांच्या साधनांच्या कक्षेत, त्या आढळल्या नाहीत. या निरीक्षणाने हायड्रोजनाच्या बंधांकडे लक्ष वेधले आणि पुढे अवरक्त वर्णपटविज्ञानात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या दोन द्रावकांच्या गुणांची चाहूलही दिली.

पारदर्शकतेबरोबर शुद्धीचा आग्रह आला. अल्कोहोल जंबुपार प्रकाशात सुमारे २१० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक असते, त्यामुळे ते या कामासाठी सोयीचे होते. परंतु सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, बेंझीन मिसळून आणि ऊर्ध्वपातन करून, अल्कोहोलमधील उरलेसुरले पाणी काढले जाऊ लागले, तेव्हा त्या निर्जल अल्कोहोलमध्ये बेंझिनाचा अंश मागे राहू लागला. डोळ्यांना हे अल्कोहोल पाण्यासारखे स्वच्छ दिसे, पण वर्णपटात २५५ नॅनोमीटरच्या आसपास बेंझिनाच्या शोषणपट्टांची ओळखीची रांग उमटे आणि ती नमुन्याच्या नावावर खपण्याचा धोका असे. त्यामुळे ‘शुद्ध’ या शब्दाला वर्णपटविज्ञानात वेगळा अर्थ प्राप्त झाला. एखादे द्रावक औषधासाठी किंवा रासायनिक विक्रियेसाठी पुरेसे शुद्ध असले, तरी वर्णपटासाठी ते तसे असेलच असे नाही. म्हणूनच पुढे खास वर्णपटीय दर्जाच्या द्रावकांच्या बाटल्या बाजारात आल्या.

भारतात या शुद्धीच्या आग्रहाला जागतिक महत्त्वाचे फळ आले. चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत द्रवांनी विखुरलेल्या प्रकाशाचा अभ्यास केला, तेव्हा विखुरलेल्या प्रकाशातील अत्यंत क्षीण, बदललेल्या तरंगलांबीचा भाग ओळखायचा होता. द्रवात तरंगणारा धुळीचा एखादा कणही मूळ प्रकाश इतका विखुरतो की हा क्षीण भाग त्यात बुडून जातो, म्हणून निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून द्रव धूळमुक्त केले गेले. मार्च १९२८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रात सुमारे ६० नेहमीच्या द्रवांची तपासणी केल्याचा उल्लेख आहे. रामन परिणाम या नावाने ओळखला जाणारा हा शोध १९३० च्या नोबेल पारितोषिकाला पात्र ठरला. एरवी द्रावक म्हणूनच वापरले जाणारे द्रव येथे स्वतःच अभ्यासाचा विषय झाले होते, आणि त्यांच्या हाताळणीतील काटेकोरपणा हा शोधाचाच एक भाग होता.

अवरक्त वर्णपटमापक १९४० च्या दशकात व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाले आणि औद्योगिक प्रयोगशाळांत त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. नमुना कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळवून वर्णपटाचा उच्च ऊर्जेचा भाग नोंदवायचा आणि सुमारे १३३० प्रतिसेंटिमीटर या तरंगसंख्येच्या खालचा भाग कार्बन डायसल्फाइडमधील द्रावणावरून घ्यायचा, अशी जोडपद्धत रूढ झाली, कारण एक द्रावक जेथे अपारदर्शक होते तेथे दुसरे पारदर्शक असते. या सोयीची किंमत मात्र जबर होती. कार्बन डायसल्फाइड ४६ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ १०० अंशांच्या आसपासच्या तापमानाला, ठिणगीशिवायही, पेटू शकते. वाफेची गरम नळीसुद्धा तिला पुरते. ज्या उपकरणात प्रकाशस्रोत म्हणून लालबुंद तापलेली कांडी असते, त्याच्या शेजारी हा द्रव उघडा ठेवणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय प्राथमिक आणि द्वितीयक अमाइनांशी, म्हणजे नायट्रोजनयुक्त आम्लारिधर्मी सेंद्रिय पदार्थांशी, त्याची विक्रिया होते. असा नमुना त्यात विरघळवला तर मिश्रण तापतेच, आणि हाती येणारा वर्णपटही मूळ नमुन्याचा न राहता विक्रियेतून बनलेल्या नव्या पदार्थाचा असतो. सुरक्षिततेची चूक आणि मापनाची चूक येथे एकाच कृतीतून जन्म घेतात.

कार्बन टेट्राक्लोराइड पेटत नाही, म्हणून ते सुरक्षित समजले गेले आणि एके काळी आग विझवण्याच्या उपकरणांतही भरले जाई. ते यकृताला गंभीर इजा करते, मद्यपान करणाऱ्यांत ही इजा अधिक तीव्र होते आणि तापलेल्या धातूवर त्याची वाफ पडली की फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो, या गोष्टी अनुभवाने समजत गेल्या. सोडियमसारख्या धातूशी त्याची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे इतर काही द्रावके सोडियम टाकून कोरडी करण्याची जुनी रीत येथे जीवघेणी ठरते. अखेर त्याच्या रासायनिक स्थैर्यानेच त्याला प्रयोगशाळेतून हद्दपार केले : वातावरणात दीर्घकाळ टिकून ते वरच्या थरातील ओझोनचा नाश करते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराला १९९० मध्ये लंडन येथे जोडलेल्या दुरुस्तीने त्याच्या उत्पादनावर नियंत्रण आणले. विकसित देशांनी १९९६ पर्यंत आणि भारतासारख्या विकसनशील देशांनी २०१० पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवावा, असे वेळापत्रक ठरले.

आतापर्यंतच्या उदाहरणांत द्रावके एकेकटी वापरली जात होती. मुद्दाम मिश्रण करून वर्णपटासाठी माध्यम घडवण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कॅलिफोर्नियातील बर्कली येथे गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस यांच्या प्रयोगशाळेत झाला. काही पदार्थ प्रकाश शोषल्यानंतर तो लगेच न सोडता विलंबाने सोडतात, या आविष्काराला स्फुरदीप्ती म्हणतात. साध्या द्रवात उत्तेजित रेणू इतर रेणूंवर आदळून आपली ऊर्जा गमावतात, त्यामुळे ही दीप्ती सहसा दिसत नाही. रेणू जागच्या जागी जखडले तर ती दिसू शकते. द्रव नुसता गोठवून हे साधत नाही, कारण एकच शुद्ध द्रावक गोठले की त्याचे स्फटिक बनतात, ते प्रकाश विखुरतात आणि नमुना त्यांतून बाहेर ढकलला जातो. ल्यूइस, डेव्हिड लिपकिन आणि थिओडोर मॅगेल यांनी १९४१ मध्ये वर्णन केलेल्या मिश्रणाने ही अडचण दूर केली. इथर, आयसोपेंटेन आणि अल्कोहोल ही द्रावके ५ : ५ : २ या आकारमानाच्या प्रमाणात मिसळून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशांना नेली, की वेगवेगळ्या आकारांच्या रेणूंना स्फटिकाची शिस्तबद्ध रचना साधत नाही आणि सारे मिश्रण स्वच्छ काचेसारखे कठीण होते. इथर, पेंटेन आणि अल्कोहोल यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईपीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काचेचा आणि तिच्यासारख्या कठीण माध्यमांचा आधार घेऊन ल्यूइस आणि मायकेल काशा यांनी १९४४ मध्ये स्फुरदीप्तीचा संबंध रेणूच्या ‘त्रिक’ अवस्थेशी, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचे परिवलन समांतर असलेल्या उत्तेजित अवस्थेशी, जोडला. आधुनिक प्रकाशरसायनाचा हा एक पाया मानला जातो.

हे मिश्रण तयार करण्याची कृती बारकाईने पाहिली, तर द्रावकमिश्रणाची संपूर्ण शिस्त तिच्यात सापडते. इथर ३४.६ अंशांना उकळते, आयसोपेंटेन तर २८ अंशांनाच. महाराष्ट्रातील एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळेचे तापमान सहज या आकड्यांच्या वर जाते, त्यामुळे बाटल्या आधी थंड केल्याशिवाय उघडू नयेत. दोन्ही द्रवांची वाफ हवेहून सुमारे अडीच पट जड असते. ती टेबलावरून खाली उतरून दूरच्या हीटरपर्यंत जमिनीलगत सरपटत जाऊ शकते आणि तेथे पेटून उलटी बाटलीपर्यंत येऊ शकते. म्हणून ओतण्याचे काम वायुवीजन असलेल्या बंदिस्त कपाटात, म्हणजे फ्यूम हूडमध्ये, जवळपास ज्योत किंवा ठिणगी पाडणारे उपकरण नसताना आणि त्या दिवशी लागेल तेवढ्याच प्रमाणात करावे लागते. जुने इथर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पेरॉक्साइडे तयार करते आणि ऊर्ध्वपातनात इथर उडून गेले की ही स्फोटक द्रव्ये तळाशी साठतात. पोटॅशियम आयोडाइडचे आम्लयुक्त द्रावण थोड्या इथरबरोबर हलवले असता आयोडीन मुक्त होऊन पिवळा-तपकिरी रंग आला, तर पेरॉक्साइड आहे असे समजते. फेरस सल्फेटच्या द्रावणाने ते नष्ट करता येते. आयसोपेंटेनमधील जंबुपार प्रकाश शोषणाऱ्या अशुद्धी संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर घुसळून काढण्याची रीत आहे, परंतु हे आम्ल पूर्णपणे वेगळे करून, धुऊन आणि द्रव कोरडा करून मगच तो अल्कोहोलच्या संपर्कात आणायचा असतो. गोठवतानाही घाई चालत नाही. द्रवाचे आकुंचन मोठे असल्याने काचेला भेगा पडतात, आणि उघडी नळी द्रव नायट्रोजनमध्ये फार वेळ राहिली तर उणे १८३ अंशांना उकळणारा हवेतील ऑक्सिजन तिच्यात द्रवरूप होऊन साचू शकतो. ज्वलनशील द्रावकात मिसळलेला द्रव ऑक्सिजन स्फोटकासारखाच वागतो. नळी हवाबंद करून गोठवली असेल, तर ती पुन्हा तापताना आत दाब वाढून फुटण्याचा धोका असतो, म्हणून संरक्षक पडदा आणि चेहऱ्यावरील ढाल यांची गरज पडते.

ल्यूइस यांचा मृत्यूही द्रावकांच्या याच इतिहासाला स्पर्श करतो. २३ मार्च १९४६ रोजी ते आपल्या प्रयोगशाळेत मृतावस्थेत आढळले. त्या वेळी द्रवरूप हायड्रोजन सायनाइड या अतिविषारी द्रावकावर त्यांचे काम चालू होते. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले. कारण काहीही असो, एका थोर रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर त्या दिवशी असे द्रावक होते, यावरूनच त्या पिढीने ज्ञानासाठी किती धोका अंगावर घेतला होता याची कल्पना येते.

मिश्रणातील रेणूंचे परस्परवर्तन आणि मिश्रणाचा धोका यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे दाखवणारी जोडी क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन यांची आहे. १९०० मध्ये यान झाविड्झ्की यांनी या जोडीचा बाष्पदाब, म्हणजे द्रवावरील त्याच्याच वाफेचा दाब, सुमारे ३५ अंशांना मोजला. शुद्ध अ‍ॅसिटोनचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३४४ मिलिमीटर आणि शुद्ध क्लोरोफॉर्मचा सुमारे २९३ मिलिमीटर होता. मिश्रणाचा दाब मात्र या दोहोंच्या मध्ये न राहता २५० मिलिमीटरच्याही किंचित खाली उतरला. याचा अर्थ दोन्ही रेणू परस्परांना धरून ठेवतात आणि वाफ होऊन निसटायला नाखूश असतात. हे दोन द्रव समप्रमाणात ओतले की मिश्रण हाताला जाणवेल इतके तापते, तेही याच आकर्षणामुळे. वॉल्टर गॉर्डी यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अवरक्त वर्णपटाच्या आधारे या आकर्षणाचे स्वरूप हायड्रोजन बंधाचे आहे, असे दाखवले : तीन क्लोरीन अणूंनी इलेक्ट्रॉन ओढून घेतल्यामुळे क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन दुसऱ्या रेणूतील ऑक्सिजनकडे झुकतो. सी. एम. हगिन्स, जॉर्ज पिमेंटेल आणि जेम्स शूलरी यांनी १९५५ मध्ये हाच बंध अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे एनएमआरच्या, साहाय्याने पाहिला.

परंतु या जोडीची दुसरी बाजू त्याआधीच, १८८१ मध्ये, कॉनराड विल्गेरोट यांच्या कामातून माहीत झाली होती. मिश्रणात कॉस्टिक पोटॅशसारखी तीव्र आम्लारी असेल, तर क्लोरोफॉर्मचा तोच झुकलेला हायड्रोजन ती काढून घेते आणि उरलेला भाग अ‍ॅसिटोनवर तुटून पडतो. त्यातून क्लोरोब्युटॅनॉल हा पदार्थ बनतो, जो पुढे औषधांत परिरक्षक म्हणून वापरला गेला. ही विक्रिया भरपूर उष्णता सोडते; थंडावा नसेल आणि प्रमाण मोठे असेल, तर मिश्रण उसळून स्फोट होतो. आम्लारी मुद्दाम टाकावी लागते असेही नाही, अल्कलीत धुतलेल्या काचपात्राला चिकटलेला अंशही या विक्रियेला चालना देऊ शकतो. मापनाच्या वेळी हे दोन द्रव एकत्र आणण्याचे प्रसंग मोजकेच असतात, पण मापन संपल्यावर टाकाऊ द्रावकांच्या बाटलीत ते नकळत एकत्र येतात : नमुना क्लोरोफॉर्ममध्ये असतो आणि नळी धुतली जाते अ‍ॅसिटोनने. म्हणून हॅलोजनयुक्त आणि हॅलोजनरहित टाकाऊ द्रावकांच्या बाटल्या वेगळ्या ठेवण्याचा आणि आम्लारी दोन्हींपासून दूर ठेवण्याचा नियम पाळला जातो.

एनएमआरने क्लोरोफॉर्मला वर्णपटविज्ञानात नवे आयुष्य दिले, आणि या शाखेच्या आरंभाशी मुंबईचा खरा संबंध आहे. स्टॅनफर्ड येथे १९५१ मध्ये जे. टी. अर्नॉल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या एकाच रेणूतील तीन प्रकारचे हायड्रोजन तीन वेगळ्या रेषा देतात, हे दाखवले. त्यांतील धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन उभे केले. साध्या द्रावकातील हायड्रोजनाचा प्रचंड संकेत नमुन्याला झाकून टाकतो, म्हणून त्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे हॅरल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये शोधलेला जड हायड्रोजन, बसवलेली द्रावके वापरली जाऊ लागली. त्यांचे मूळ जड पाण्यात असते, आणि रायगड जिल्ह्यातील थळ येथेही जड पाण्याचा मोठा प्रकल्प आहे. क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन जड पाण्यातील ड्यूटेरियमशी अदलाबदल करतो तो आम्लारीच्या उपस्थितीत, म्हणजे विल्गेरोट यांच्या विक्रियेत धोक्याचा ठरलेला गुणच येथे उपयोगी पडतो. हवा आणि प्रकाश यांमुळे क्लोरोफॉर्मपासून फॉस्जीन आणि आम्ल तयार होते, यासाठी ते गडद तपकिरी बाटलीत ठेवतात. साध्या क्लोरोफॉर्ममध्ये स्थिरकारक म्हणून थोडे अल्कोहोल घालतात, तर वर्णपटात अल्कोहोलच्या रेषा नको असल्याने ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्मच्या बाटलीत अनेकदा चांदीचा पातळ पत्रा टाकलेला असतो.

हे सारे अनुभव दीर्घकाळ प्रयोगशाळांच्या तोंडी परंपरेत विखुरलेले होते. लेस्ली ब्रेथरिक यांनी रसायनांच्या घातक विक्रियांचा संग्रह १९७५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा कोणता पदार्थ कोणाबरोबर मिसळू नये हे ज्ञान एका ठिकाणी शोधता येऊ लागले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रयोगशाळांतील घातक रसायनांच्या हाताळणीची मार्गदर्शिका काढली. भारतात १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम झाले. आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी धोक्याच्या चिन्हांची जागतिक पद्धत प्रसिद्ध केली, ज्यामुळे कोणत्याही देशातील बाटलीवरची ज्वाला किंवा कवटी सर्वत्र एकाच अर्थाने वाचता येते. रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेल्या बेंझीनसाठी अमेरिकेत १९८७ मध्ये कामाच्या जागेच्या हवेतील सरासरी मर्यादा दशलक्षात १ भाग इतकी खाली आणली गेली, आणि अनेक ठिकाणी टोल्युईन किंवा सायक्लोहेक्झेन यांनी त्याची जागा घेतली.

या नियमांचे फलक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागतात, परंतु त्यांची कारणे बहुतेक वेळा शिकवली जात नाहीत. विद्यार्थ्याला द्रावकाची पारदर्शकता पाठ्यपुस्तकात आणि त्याचा धोका सूचनाफलकावर, अशा दोन ठिकाणी भेटते. वर दिलेला इतिहास या विभागणीविरुद्ध साक्ष देतो. क्लोरोफॉर्मच्या हायड्रोजनाची ओढ ज्याला वर्णपटातून समजली आहे, त्याला आम्लारीच्या सान्निध्यात अ‍ॅसिटोन का नको हे पाठ करावे लागत नाही. इथरच्या पेरॉक्साइडांची परीक्षा ज्याने स्वतः केली आहे, त्याच्या मापनातही अशुद्धीचा दोष कमी राहतो. म्हणून वर्णपटविज्ञानाच्या अभ्यासक्रमात द्रावकांचे मिश्रण हा स्वतंत्र आणि सन्मानाचा पाठ असावा, आणि प्रत्येक प्रयोगाच्या नोंदवहीत नमुन्याइतक्याच काळजीने द्रावकाचे नाव, दर्जा, स्थिरकारक, बाटली उघडल्याची तारीख, मिसळण्याचे प्रमाण आणि विल्हेवाटीची जागा लिहिली जावी. अशी नोंद अपघात टाळते आणि निष्कर्षाला विश्वासार्हताही देते.